जुने पंचांग कसे वाचावे: घरातले एक हरवलेले वर्ष परत मिळवण्याची रीत

पाडव्याला नवे पंचांग घरात आले की जुने रद्दीत जाते, नाहीतर निर्माल्याबरोबर विसर्जित होते. त्यातून काय वाहून गेले याची चौकशी कोणी करत नाही. पंचांग वर्ष सुरू होण्याआधी छापून तयार असते. लग्ने कधी लावायची, उपास कोणते, पाऊस किती, सुट्ट्या किती, हे सगळे त्यात आधीच मांडलेले असते. पुढे प्रत्यक्षात जे घडले ते घरातले कुणीतरी समासात पेन्सिलीने लिहून ठेवते. छापील मजकूर आणि त्या नोंदी शेजारी ठेवून वाचल्या की त्या वर्षाचे रोजचे जगणे दिसू लागते. ते वाचन कसे करायचे, ते पुढे सांगते.

या वाचनाला मुंबईसारखी जागा नाही. छापखानदार गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर, म्हणजे दगडावरून, पंचांग छापले ते इथेच. त्याआधी जोशीबुवा हाताने नकला करत आणि घरोघरी जाऊन तिथी-वार सांगत. छापील पंचांग सोवळ्यात चालेल का, शाईत चरबी तर नसेल, अशा शंका लोकांनी काढल्या. त्यावर उपाय म्हणून गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरल्याचे सांगतात.

आधी पंचांग मिळवा

पहिला शोध घरातच घ्या. देवघराखालचा कप्पा, माळ्यावरची ट्रंक, कुंडल्यांची पिशवी. घरात काहीच नसेल तर दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी, फोर्टच्या फुटपाथवरचे पुस्तकवाले आणि आपल्या भागातला रद्दीवाला यांच्याकडे विचारा. रद्दीवाल्याला पाडव्याच्या आठवड्यात आठवण करून द्यावी, तेव्हा माल येतो.

हाती आलेल्या प्रतीला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा, पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका. खिडकीजवळच्या उजेडात प्रत्येक पानाचा फोटो घ्या. जाहिरातींची पाने आणि आतून बाहेरून वेष्टनसुद्धा सोडू नका.

साल पक्के करा

मुखपृष्ठावर शके आणि संवत्सराचे नाव असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या दिवसांसाठी ७९ मिळवा. म्हणजे शके १८६६ चे पंचांग मार्च १९४४ ते मार्च १९४५ या काळाचे.

मुखपृष्ठ फाटले असेल आणि आत कुठेतरी ‘तारण नाम संवत्सर’ एवढेच दिसत असेल, तरी हरकत नाही. संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे असल्यामुळे तारण १९४४ साली होते, तसे १८८४ सालीही होते. यातले कोणते, हे तीन खुणांवरून ठरते. कोणता महिना अधिक आहे ते पाहा. ग्रहणे तपासा: उदाहरणार्थ, २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण शके १८१९ च्या पौष अमावास्येला सापडायलाच हवे. आणि मकर संक्रांत पाहा. ती आज १४ किंवा १५ जानेवारीला येते, पण १८६३ साली १२ जानेवारीला होती. संक्रांत १२ किंवा १३ जानेवारीला छापलेली दिसली तर तुमच्या हातात बहुधा एकोणिसाव्या शतकातले पुस्तक आहे.

पंचांग कोणत्या पद्धतीचे आहे तेही टिपून ठेवा. टिळक पंचांगाचे गणित वेगळे असल्यामुळे ते मानणाऱ्या कोकणातल्या घरांत काही वर्षी गणपती महिनाभर आधी येतो. २०१२ साली तसेच झाले. हे ध्यानात घेतले नाही तर आजोबांच्या नोंदीतला ‘गणपतीचा दुसरा दिवस’ भलत्याच महिन्यात जाऊन बसतो.

एक ओळ वाचायला शिका

तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे. वार सोडून बाकीच्यांपुढे घटी आणि पळे दिलेली असतात. दिवसाच्या साठ घटी, म्हणजे एक घटी २४ मिनिटांची आणि एक पळ २४ सेकंदांचे. मोजणी सूर्योदयापासून. चतुर्थीपुढे २३ घटी १० पळे असतील तर सूर्योदयानंतर ९ तास १६ मिनिटांनी चतुर्थी संपली. सूर्योदय ६ वाजून १० मिनिटांनी असेल तर दुपारी ३ वाजून २६ मिनिटांनी. अशा चार-पाच ओळी कागदावर सोडवल्या की हात बसतो.

आता घड्याळाचा गुंता. भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, पण मुंबईने आपली स्थानिक वेळ सोडायला पुढे कित्येक वर्षे घेतली. दोन वेळांत ३९ मिनिटांचा फरक होता. तुमचे पंचांग कोणती वेळ पाळते हे ओळखायला २१ मार्चच्या आसपासचा सूर्योदय पाहा. तो ६ वाजून ५ मिनिटांच्या आगेमागे असेल तर मुंबईची स्थानिक वेळ, पावणेसातच्या आसपास असेल तर प्रमाणवेळ. त्यात युद्धकाळात, सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत, देशातली घड्याळे आणखी एक तास पुढे होती. त्या काळातल्या जन्मवेळेवरून कुंडली मांडताना हा तास हिशेबात धरला नाही तर लग्नरासच बदलू शकते.

भिंतीपलीकडचा शेजार

मुंबईतल्या पंचांगांत इंग्रजी तारखेबरोबर मुसलमानी आणि पारशी तारखाही दिलेल्या असत. त्या ओलांडून पुढे जाऊ नका. पारशांमध्ये शहेनशाही आणि कदमी गणनेत एका महिन्याचे अंतर असल्यामुळे त्यांचा पतेती-नवरोजही दोनदा. गुजराती व्यापाऱ्याचे वर्ष दिवाळीनंतर कार्तिकात सुरू होणार, सरकारचे १ एप्रिलला, आपले पाडव्याला. गिरगावातल्या कारकुनाला पाडव्याची गुढी उभारून शेठजींच्या वहीपूजनालाही हजर राहावे लागे. त्याचे वर्ष नेमके कुठे सुरू होई, हे त्याच्या समासातल्या नोंदी सांगतात: पगार, बोनस, घरभाडे.

दर्यावरच्या माणसासाठी तर तिथी हेच भरतीचे घड्याळ होते. प्रतिपदेपासून मोजून तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजाने मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास, तीही उधाणाची. नोंदीत ‘रेवसची बोट’ किंवा ‘धक्क्यावर गेलो’ असे आले तर त्या दिवशीची तिथी पाहा, धक्क्यावर पाणी किती होते याचा अंदाज येईल.

मागची पाने

पोस्टाचे दर, स्टँपचे दर, व्याजाची कोष्टके, कोर्टाच्या सुट्ट्या, औषधांच्या जाहिराती. इथे एकच काम करा: सगळ्या किमती एका कागदावर उतरवा. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, आणि १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे. तुलनेसाठी पोस्टकार्ड सोयीचे. १८७९ साली ते निघाले तेव्हा पाव आण्याला मिळे. बाटलीभर टॉनिकच्या पैशांत किती पोस्टकार्डे येतात ते काढले की ते टॉनिक कोणाच्या घरासाठी होते हे उमगते.

पावसाच्या पानावर मृगापासून हस्तापर्यंतची नक्षत्रे आणि त्यांची वाहने असतात. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस. कुलाब्याच्या वेधशाळेच्या जुन्या नोंदी मिळाल्या तर वर्षफळाशी ताडून पाहा. भाकीत खरे ठरले का, यापेक्षा कोणत्या पावसाची लोक वाट पाहत होते, हे कळणे मला मोलाचे वाटते.

समास

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आमच्या माझगावच्या घरात शके १८६६ चे पंचांग आहे. त्यातले चैत्राचे पान उघडले की १४ एप्रिल १९४४, शुक्रवार, या ओळीत इतर दिवसांसारखीच तिथी, नक्षत्र, योग. शेजारी बारीक अक्षरांत पेन्सिलीने लिहिले आहे: ‘दु. ४ फार मोठा आवाज. काचा गेल्या. घरी सर्व सुखरूप.’ दोन ओळी सोडून: ‘पाहुणे ५, रेशनचा तांदूळ पुरणार नाही.’

व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टायकिन या जहाजाचा स्फोट झाला तो हाच दिवस. त्याचा इतिहास सगळीकडे वाचायला मिळतो. पण स्फोटानंतर बेघर झालेले नातलग कोणाच्या घरी जेवले आणि मोजून मिळणाऱ्या तांदळात ते कसे भागले, हे या एका ओळीवाचून मला कधी कळले नसते.

नोंदी उतरवताना जशा आहेत तशा उतरवा, शुद्धलेखन सुधारू नका. ‘ति.’, ‘चि.’, ‘सौ.’, ‘कै.’, ‘रु. आ. पै.’ असे संक्षेप तसेच ठेवून अर्थ वेगळ्या रकान्यात लिहा. न लागलेल्या शब्दाच्या जागी टिंबे द्या, अंदाज घुसवू नका. अक्षर कोणाचे, पेन्सिल की शाई, हेही टिपा. बायकांच्या नोंदी बहुतेकदा वेगळ्या जागी असतात: एकादशीपुढची फुली, गवळ्याच्या दुधाचा खाडा, बाळंतिणीचे दिवस मोजणाऱ्या उभ्या रेघा. त्या मजकूर वाटत नाहीत म्हणून पटकन सुटतात.

मग दोन रकाने आखा: काय छापले होते, काय घडले. शके १८६९ चे पंचांग मिळाले तर हा प्रयोग जरूर करा. ते १९४७ च्या पाडव्याआधी छापलेले. १७ जुलैला, आषाढ अमावास्येच्या तोंडावर, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. १५ ऑगस्टच्या ओळीत अधिक श्रावणातली कृष्ण चतुर्दशी. स्वातंत्र्याची तारीख जूनमध्ये जाहीर झाली, तेव्हा छापील पानावर तिचा मागमूस असणे शक्यच नाही. घरातल्या कोणी त्या ओळीशेजारी काही लिहिले आहे का, की नेहमीप्रमाणे दुधाचा हिशेबच आहे, ते पाहा. दोन्हींतून काही ना काही हाती लागते.

पडताळा

पंचांगात मुहूर्त आहे म्हणून त्या दिवशी लग्न झालेच, असे धरू नका. लोकांनी काय करावे ते पंचांग सांगते, केले काय ते नाही. एखादी नोंद महत्त्वाची वाटली तर त्या तारखेचे वर्तमानपत्र ग्रंथालयात पाहा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना पान दाखवा. नुसता प्रश्न विचारण्यापेक्षा पान हातात दिले की आठवणी भराभर निघतात. त्या फोनवर रेकॉर्ड करा. फोटोंच्या फोल्डरला शके, इसवी सन, घराचा पत्ता आणि लिहिणाऱ्याचे नाते असे नाव द्या, आणि एक प्रत चुलत भावंडांकडे पाठवा. पुढच्या वर्षाचे पंचांग त्यांच्या माळ्यावर असण्याचा संभव बराच असतो.