गर्भाशय आतून चिकटले असल्यास दिवस राहण्यापूर्वी उपचार करावेत का, हे कसे ठरवावे

गर्भपातानंतर किंवा बाळंतपणात वार अडकल्यामुळे पिशवी साफ करावी लागली, त्यानंतर पाळी पूर्वीसारखी राहिली नाही, आणि आता पुन्हा मूल हवे असताना पिशवी आतून चिकटली असल्याचे कानावर आले, अशा वेळी एक डॉक्टर लगेच दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवतात आणि दुसरे आधी काही महिने प्रयत्न करून पाहा असे म्हणतात. हे दोन्ही सल्ले बरोबर असू शकतात, पण एकाच स्त्रीसाठी नव्हे. चिकटलेला भाग किती आहे, तो पातळ आहे की घट्ट, आणि आपल्या हातात किती वेळ आहे, या तीन गोष्टी समजल्याशिवाय शस्त्रक्रियेला होकार देऊ नये आणि नकारही देऊ नये.

गर्भाशयाच्या अस्तराचा वरचा थर दर महिन्याला पाळीवाटे बाहेर पडतो आणि तळाच्या थरातून तो पुन्हा तयार होतो. खरवडताना हा तळाचाच थर निघाला, तर उघड्या पडलेल्या समोरासमोरच्या भिंती एकमेकींना चिकटतात. हाइनरिश फ्रिट्श यांनी 1894 मध्ये असे एक उदाहरण नोंदवले होते. पुढे 1948 मध्ये योसेफ अशरमन यांनी या विकाराचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला अशरमन सिंड्रोम म्हणतात. गर्भ राहिलेली किंवा नुकतीच बाळंत झालेली पिशवी मऊ असते, त्यामुळे बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतील क्युरेटिंग, म्हणजे पिशवी खरवडून साफ करणे, सर्वांत जोखमीचे ठरते. फायब्रॉइडची गाठ किंवा गर्भाशयातील पडदा काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही असे होऊ शकते, आणि आपल्याकडे जननमार्गाचा क्षयरोग हे याचे मोठे कारण आहे. सिझेरियनच्या टाक्यांच्या जागी पडणारा खळगा ही मात्र वेगळी तक्रार आहे, तिचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

पहिली माहिती आपल्या पाळीतूनच मिळते. पूर्वी चार-पाच दिवस अंगावरून जात असे आणि पिशवी साफ केल्यानंतर एक-दोन दिवस केवळ डाग पडतात, किंवा पाळी बंदच झाली आहे पण दर महिन्याला त्याच सुमारास ओटीपोटात कळा येतात, असे असेल तर संशय बळावतो. कळा येऊनही रक्त बाहेर पडत नसेल, तर गर्भाशयाचे तोंड चिकटून रक्त आत साठत असण्याची शक्यता असते आणि मूल हवे असो वा नसो, त्यावर उपचार करावेच लागतात. पाळी कमी होण्याची कारणे थायरॉइड किंवा प्रोलॅक्टिन या हार्मोनचा बिघाड, पीसीओएस हा बीजकोशांचा विकार किंवा गर्भनिरोधक गोळ्या अशी अनेक असल्यामुळे रक्ततपासण्या आधी करून घ्याव्यात. उलट, पाळी अगदी नियमित असूनही आत काही भाग चिकटलेला असू शकतो, म्हणून वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीने पाळी ठीक आहे एवढ्यावर विसंबू नये.

साध्या सोनोग्राफीत हा विकार सुटून जाऊ शकतो. पिशवीत सलाइन सोडून केलेली सोनोग्राफी अधिक उपयोगी पडते, तर एचएसजी या एक्स-रे तपासणीत गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाही हेही कळते. एचएसजीच्या फिल्मवर औषधाने भरलेली पोकळी पांढऱ्या त्रिकोणासारखी दिसते. त्या त्रिकोणात वेड्यावाकड्या कडांच्या काळ्या जागा असतील आणि त्या प्रत्येक फिल्ममध्ये त्याच ठिकाणी राहत असतील, तर तो भाग चिकटलेला असू शकतो, कारण हवेचा बुडबुडा असता तर तो सरकला असता. तरीही एचएसजीत कधीकधी नसलेला दोष दिसतो, त्यामुळे केवळ त्या अहवालावर शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये. खात्रीची तपासणी हिस्टेरोस्कोपी, म्हणजे पिशवीत दुर्बीण घालून प्रत्यक्ष पाहणे, हीच आहे. ती पाळी थांबल्यावर लगेचच्या दिवसांत करतात.

दुर्बिणीतून जे दिसते त्याची नोंद श्रेणी लावून करण्याचा आग्रह धरावा. अमेरिकन फर्टिलिटी सोसायटीने 1988 मध्ये दिलेल्या पद्धतीत पोकळीचा किती भाग व्यापला आहे (एक तृतीयांशाहून कमी, दोन तृतीयांशांपर्यंत, की त्याहून अधिक), चिकटलेले पदर पातळ आहेत की घट्ट, आणि पाळी कशी आहे, यांना गुण देतात. बेरीज 1 ते 4 असल्यास सौम्य, 5 ते 8 मध्यम आणि 9 ते 12 तीव्र समजतात. पातळ पदर दुर्बिणीच्या टोकाच्या धक्क्यानेही सुटू शकतात, घट्ट पट्टे मात्र कापावेच लागतात. अहवालात केवळ ‘ॲडहेजन्स (चिकटलेले भाग) आहेत’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्यावरून दुसऱ्या डॉक्टरांना मत देता येत नाही, म्हणून छायाचित्रे किंवा व्हिडिओची प्रत मागून घ्यावी.

वय कमी आहे, पाळी व्यवस्थित आहे, पूर्वी गर्भपात झालेले नाहीत आणि कडेला एखादा पातळ पदर आहे, अशा स्त्रीने आधी काही महिने प्रयत्न करून पाहणे गैर नाही. पण दुर्बीण आत गेलेलीच असेल, तर असा पदर त्याच वेळी सोडवणे बहुधा सोयीचे असते. म्हणून भूल घेण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ठेवावे, की पातळ पदर असल्यास त्याच बैठकीत सोडवावेत, आणि घट्ट व विस्तृत असल्यास थांबून आमच्याशी बोलून पुढचे ठरवावे. संमतीपत्रावरही तसेच लिहून घ्यावे.

मध्यम किंवा तीव्र प्रकारात, वारंवार गर्भपात होत असल्यास, किंवा आयव्हीएफचा, म्हणजे शरीराबाहेर तयार केलेला, गर्भ पिशवीत सोडायचा असल्यास, आधी उपचार आणि मग प्रयत्न हाच क्रम मला योग्य वाटतो. 1982 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात शस्त्रक्रिया न केलेल्या 292 स्त्रियांची माहिती होती. त्यांपैकी सुमारे 46 टक्के स्त्रियांना दिवस राहिले, म्हणजे उपचाराविना गर्भ राहतच नाही असे नाही. परंतु त्या गर्भधारणांपैकी सुमारे 40 टक्के गर्भपातात संपल्या आणि जेमतेम 30 टक्के पूर्ण दिवसांपर्यंत पोहोचल्या. माहिती जुनी असली, तरी दिवस राहणे आणि मूल घरी येणे यांतील अंतर तिच्यातून दिसते. शस्त्रक्रियेच्या बाजूचा पुरावाही बहुतांशी निरीक्षणांवर आधारलेला आहे, त्यामुळे कोणी खात्रीशीर यशाची टक्केवारी सांगू लागल्यास ती कोणत्या श्रेणीच्या स्त्रियांची आहे आणि ती गर्भधारणेची आहे की जिवंत बाळाची, हे विचारावे.

शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी पतीची वीर्यतपासणी झालीच पाहिजे. ही साधी आणि स्वस्त तपासणी मागे ठेवून स्त्रीला भूल देणे मला अन्यायाचे वाटते. सोबत बीजकोशांत किती बीजे शिल्लक आहेत याचा अंदाज देणारी एएमएच ही रक्ततपासणी करावी आणि नलिकांची स्थिती पाहावी. वय पस्तिशीच्या पुढे असेल किंवा एएमएच कमी असेल आणि आयव्हीएफ लागणारच असेल, तर आधी बीजे काढून गर्भ गोठवून ठेवणे आणि मग सावकाश पिशवीवर उपचार करणे, हा मार्ग वेळ वाचवतो.

क्षयरोगाचा संशय असल्यास पाळीच्या आधीच्या दिवसांत अस्तराचा तुकडा घेऊन सीबीनॅट (जंतूंची जनुकीय तपासणी), कल्चर (जंतू वाढवून पाहणे) आणि पॅथॉलॉजी या तपासण्या करतात. केवळ पीसीआर या जनुकीय तपासणीचा अहवाल पॉझिटिव्ह आला म्हणून उपचार सुरू करणे योग्य नाही. निदान पक्के झाल्यास साधारण सहा महिन्यांची औषधे सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात आणि ती पूर्ण झाल्यावरच चिकटलेले भाग सोडवण्याचा विचार करतात. क्षयरोगाने तळाचा थर नष्ट झाला असल्यास शस्त्रक्रियेचे यश बरेच कमी असते, आणि हे आधी सांगणारा डॉक्टर आपल्या हिताचेच बोलत असतो.

‘पुन्हा एकदा पिशवी साफ करून पाहू’ या प्रस्तावाला मात्र ठाम नकार द्यावा. न पाहता केलेले क्युरेटिंग हेच बहुधा या दुखण्याचे मूळ असते आणि चिकटलेली पिशवी त्याने सुटत नाही. सोडवण्याचे काम दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहत, शक्यतो बारीक कात्रीने आणि अवघड प्रकारात सोबत सोनोग्राफी ठेवून करावे. विजेच्या उष्णतेने उरलेले चांगले अस्तर भाजण्याचा धोका असतो. पिशवीला छिद्र पडणे आणि आतमध्ये जास्त द्रव शोषला जाणे हे या शस्त्रक्रियेचे धोके आहेत. हे काम तुम्ही किती वेळा करता आणि तीव्र प्रकार स्वतः हाताळता की पुढे पाठवता, असे सर्जनला विचारण्यात संकोच बाळगू नये.

शस्त्रक्रियेनंतर भिंती पुन्हा चिकटू शकतात, आणि तीव्र प्रकारात ही शक्यता मोठी असते. ते टाळण्यासाठी काही दिवस फुगा किंवा हायल्युरॉनिक आम्लाचा जेल ठेवतात आणि काही आठवडे इस्ट्रोजेनच्या गोळ्या देतात. तांब्याची किंवा हार्मोनची कॉपर-टीसारखी साधने यासाठी योग्य नाहीत, कारण तांब्याने दाह होतो आणि हार्मोनने अस्तर वाढत नाही. काही आठवड्यांनी दुर्बिणीतून पुन्हा पाहणे हा उपचाराचाच भाग आहे, त्यामुळे खर्च विचारताना दोन्ही बैठकांचा विचारावा. त्या तपासणीत पोकळी मोकळी दिसल्यावर आणि पाळी सुधारल्यावर प्रयत्न सुरू करावेत. पीआरपी (स्वतःच्याच रक्तातील प्लेटलेट्स पिशवीत सोडणे) किंवा मूळपेशी यांसारख्या महागड्या उपचारांचा पुरावा अजून अपुरा आहे, त्यासाठी कर्ज काढू नये.

दोन-तीन चांगल्या प्रयत्नांनंतरही पोकळी पुन्हापुन्हा बंद होत असेल, तर थांबण्याचा विचार उघडपणे बोलून दाखवावा. 2022 च्या सरोगसी नियमांत गर्भाशयातील चिकटलेपणा आणि पातळ अस्तर यांचा उल्लेख वैद्यकीय कारणांमध्ये नावाने आहे, त्यामुळे पात्र विवाहित दांपत्याला 2021 च्या कायद्याखाली परोपकारी, म्हणजे मोबदल्याविना केलेल्या, सरोगसीसाठी अर्ज करता येतो. दत्तक घेण्याचा विचारही याच टप्प्यावर करता येईल.

दिवस राहिल्यास सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भ योग्य जागी आहे का हे पाहावे आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरांना या शस्त्रक्रियेचे कागद दाखवावेत. वार खाली असणे किंवा भिंतीत खोल रुजणे यांचा धोका अशा गर्भारपणात अधिक असतो, म्हणून पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वारेची जागा मुद्दाम पाहायला सांगावी आणि रक्तपेढीची सोय असलेल्या रुग्णालयातच बाळंतपणासाठी नाव नोंदवावे.