‘गिव्ह वॉटर’ म्हणणारं पोरगं उद्धट नसतं : इंग्रजीत परवानगी मागायला मुलांना असं शिकवा

आमचा धाकटा दुसरीत होता तेव्हाची गोष्ट. कॅम्पात मित्राच्या घरी खेळायला गेला होता. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, त्यामुळे कॅम्पात बाहेरच्या राज्यांतून बदलून आलेली घरं बरीच, आणि तिथली पोरं एकमेकांत इंग्रजी नाहीतर हिंदीच बोलतात. ह्याला तहान लागली, हा मित्राच्या आईला म्हणाला, “आंटी, गिव्ह वॉटर.” त्यांनी पाणी दिलं, पण असं नाही बोलायचं म्हणून समज पण दिली. घरी आला तो रडकुंडीला येऊनच. “आई, मी द्याच म्हटलं की! दे नाही म्हटलं!”

बरोबरच होतं त्याचं. त्याच्या डोक्यात ‘पाणी द्या’ होतं, आणि ‘द्या’ मध्ये मान आहेच. पण इंग्रजीत दे पण गिव्ह आणि द्या पण गिव्ह, तो मान वाटेतच गळून पडला. आपल्या पोरांच्या कानावर दिवसभर मराठी आणि कन्नड असतं, आणि दोन्हीकडे मान क्रियापदाच्या शेपटीला लागतो, मराठीत या, बसा, द्या, कन्नडात बर्री, कोड्री. इंग्रजी क्रियापदाला ही शेपटीच नाही. तिथं मान वाक्याच्या पुढं लावतात, मे आय, कुड आय, आणि मागं प्लीज. एवढी एक गोष्ट आईबापांना कळली ना की निम्मं काम झालं, कारण मग आपण पोराला ‘मॅनर्स नाहीत’ म्हणून ओरडत नाही, मान कुठं ठेवायचा ती जागा दाखवतो.

आता सुरवात कुठून करायची. मी संध्याकाळी घरी पोरांची ट्यूशन घेते, आणि मी सुरवात मराठीतूनच करते. आपल्याकडं परवानगी मागायचं रूप आधीच तयार आहे, ‘ऊ का’. येऊ का, जाऊ का, घेऊ का, बसू का. पोरांना सांगायचं की जिथं ‘ऊ का’ येतं तिथं इंग्रजीत ‘मे आय’ येतं. मी म्हणते ‘घेऊ का’, ते म्हणतात ‘मे आय टेक’. ‘उघडू का’, ‘मे आय ओपन’. चेंडू टाकत टाकत हा खेळ पाच मिनिटं खेळायचा, पहिली-दुसरीची पोरं दोन दिवसांत पकडतात. एकच नियम घट्ट ठेवायचा, मे आयच्या पुढं क्रियापद साधं, मे आय गो, मे आय सिट. मे आय टू गो नाही, मे आय केम इन नाही, आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारं ‘मे आय कॅन गो’ तर नाहीच, मे नाहीतर कॅन, दोन्ही एकत्र नाही.

मग प्लीज. प्लीज म्हणजे ‘कृपया’ असं सांगू नका, कृपया कोण बोलतं घरात? मी सांगते, प्लीज म्हणजे आपला ‘की’. द्या की, येऊ द्या की, थांब की जरा. हे ऐकलं की पोरांच्या चेहऱ्यावर लगेच समजल्याचं दिसतं, कारण तो ‘की’ लावताना आवाज कसा मऊ होतो ते त्यांना माहीतच असतं. तोच आवाज प्लीजला लावायचा. “मे आय ड्रिंक वॉटर, प्लीज?” ओरडून म्हटलेलं प्लीज हुकूमासारखं लागतं, हे दोन्ही तऱ्हांनी म्हणून दाखवा, सांगून कळत नाही.

मे, कॅन आणि कुड यातलं कुठं काय, यावर पालक फार गोंधळतात. जुनी शिकवण अशी की कॅन म्हणजे जमतं का आणि मे म्हणजे परवानगी आहे का, आणि अजून काही टीचर ‘कॅन आय गो’ म्हटलं की टोकतात. पण आज बोलताना इंग्रजी माणसंसुद्धा कॅन आय सर्रास म्हणतात, ते चूक नाही, थोडं घरगुती आहे एवढंच. म्हणून मी असं ठेवलंय, वर्गात आणि मोठ्यांपुढं मे आय, मित्राशी कॅन आय, आणि अनोळखी माणसाकडं किंवा काही मोठं मागायचं असेल तर कुड आय. लहानांना पहिलं वर्ष मे आयच पुरे.

एक चूक मात्र सगळीकडं आहे आणि ती वेळेत मोडायला पाहिजे. मे आय पाठ झालं की पोरं ‘मे यू गिव्ह मी पेन’ म्हणायला लागतात. मी काही करू का विचारायचं तर मे आय, पण तुम्ही माझ्यासाठी काही कराल का विचारायचं तर कॅन यू नाहीतर कुड यू. मे यू ने सुरू होणारं वाक्य इंग्रजीत आशीर्वादाचं असतं, मे यू लिव्ह लाँग, म्हणजे आपलं ‘उदंड आयुष्य लाभो’. मी पोरांना हेच सांगते, मे यू म्हटलंस तर तू बाईंना आशीर्वाद दिलास, पेन नाही मागितलास. परत विसरत नाहीत. आणि पेन मागताना टेक नको, बॉरो शिकवा, “मे आय बॉरो युवर पेन, प्लीज?” बॉरो म्हणजे परत देणार आहे हे त्यातच आलं. लेंड म्हणजे देणाऱ्याचं काम, कुड यू लेंड मी युवर पेन.

आता टॉयलेटचं, आणि हे मी फार मनापासून सांगते. बालवाडीत पोरं करंगळी दाखवतात आणि बाईंना कळतं. इंग्लिश मीडियमला गेलं की काही ठिकाणी वाक्य म्हटल्याशिवाय सोडत नाहीत. माझ्याकडं येणारी एक मुलगी पहिल्या आठवड्यात वाक्य आठवेना म्हणून बेंचवरच गप्प बसून राहिली, शेवटी कपडे ओले झाले, आणि त्यानंतर पंधरा दिवस शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं म्हणायची. आपल्याकडं शाळा महाराष्ट्राच्या आधी, मे अखेरीला नाहीतर जूनच्या सुरवातीलाच उघडतात, तर एप्रिल-मेच्या सुट्टीतच घरी हे एक वाक्य पक्कं करून घ्या, “मिस, मे आय गो टू द टॉयलेट?” बाकी सगळं नंतर. आणि घरी सराव करताना पोर खरंच घाईत असेल तर अडवून वाक्य म्हणून घेऊ नका, आधी जाऊ द्या.

सरावाला दुकान दुकान खेळ सगळ्यात चांगला. स्टुलावर डबे मांडायचे आणि ते गणपत गल्लीतलं मिठाईचं दुकान. एक पोरगं मालक, दुसरं गिऱ्हाईक. “एक्सक्यूज मी, कुड आय हॅव हाफ अ किलो ऑफ कुंदा, प्लीज?” मालकाने म्हणायचं, “शुअर.” मग गिऱ्हाईक, “मे आय टेस्ट इट?” मालक, “येस, यू मे.” खरा कुंदा वाटीत ठेवलात तर टेस्ट इट पंचवीस वेळा होतं आणि कोणी कंटाळत नाही. यातच सांगून टाका की विचारताना कुड आय म्हटलं तरी उत्तर ‘येस, यू कुड’ असं नसतं, ‘येस, यू कॅन’ नाहीतर ‘ऑफ कोर्स’.

एक्सक्यूज मी कधी? मोठी माणसं बोलत असतील आणि मध्ये बोलायचं असेल, गर्दीतून वाट पाहिजे असेल, तर आधी. सॉरी नंतर, धक्का लागून गेल्यावर. आणि ऐकू आलं नाही तर मराठीतल्या ‘काय?’ चं सरळ ‘व्हॉट?’ करतात, ते इंग्रजीत तुटक लागतं, त्याऐवजी ‘पार्डन?’ किंवा ‘सॉरी?’ म्हणायला लावा.

पाचवी-सहावीच्या पुढं ‘डू यू माइंड’ घ्या, पण जपून. माझ्या पुतणीनं एका लग्नात शेजारच्या बाईंना विचारलं, “डू यू माइंड इफ आय सिट हिअर?” त्या हसून “नो, नो” म्हणाल्या आणि ही बिचारी उभीच राहिली, नको म्हणाल्या असं समजून. डू यू माइंड म्हणजे ‘तुमची काही हरकत आहे का’, त्यामुळे ‘नो’ म्हणजे हरकत नाही, बस. आपल्याकडंही हरकत नाही म्हणजे होच की, तिथून समजावलं की डोक्यात बसतं. तसंच ‘आय एम अफ्रेड नॉट’ म्हणजे मला भीती वाटते असं नाही, तो मऊ शब्दांत दिलेला नकार आहे.

घरात हे किती वापरायचं? आजीला मे आय म्हणायची काही गरज नाही. आजीला ‘आजी, लाडू घेऊ का’ एवढं पुरे, आणि तेच आधी पक्कं पाहिजे. मराठीत न विचारता डब्यात हात घालणारं पोर इंग्रजीतही विचारणार नाही. पाहुण्यांसमोर ‘से प्लीज, से प्लीज’ म्हणून टोकणं तर पूर्ण बंद करा, पोर आणखी घुमं होतं. आपणच त्याच्याशी बोलताना “कॅन आय सी युवर ड्रॉइंग, प्लीज?” म्हणत राहायचं, ते उचलतात.

आणि नकार पण शिकवायला लागतो. मे आय नीट म्हटलं की हो मिळतंच असं झालं तर पोराला तो मंत्र वाटतो, आणि एकदा नाही म्हटलं की आदळआपट. खरं उत्तर द्या. “मे आय गो आउट टू प्ले?” “नॉट नाऊ, आफ्टर होमवर्क.” त्यावर त्यानं “ओके, आई” म्हणायचं, आणि होमवर्क झाल्यावर आपण न विसरता स्वतःहून हाक मारायची, “नाऊ यू मे गो.”