बारोलो घेतलीये? मग लगेच उघडू नका

बारोलो ही लाल वाईन आणली की लोक त्याच आठवड्यात उघडतात आणि मग म्हणतात तोंड नुसतं कोरडं पडलं, एवढे पैसे कशाला घातले. वाईन चांगलीच असते, तिची वेळ झालेली नसते.

ही नेब्बिओलो द्राक्षाची वाईन, इटलीच्या वायव्येला पिएमाँतेमधल्या लांगेच्या टेकड्यांवरची. रंग फिकट असतो म्हणून हलकी समजू नका, ॲसिड आणि टॅनिन (म्हणजे तोंड आवळणारा तुरट घटक) दोन्ही दणकून असतात. कच्ची सुपारी चघळल्यावर जीभ आवळते ना, तसलाच तुरटपणा. वर्षं जातात तसं हे टॅनिन एकमेकांना आणि रंगाला चिकटत जातं, थोडं गाळ होऊन तळाला बसतं, मग तुरटपणा मऊ होतो, रंग कडेने विटकरी दिसायला लागतो आणि गुलाब-चेरीच्या वासाच्या जोडीला डांबर, चामडं, वाळलेली पानं असं काय काय येतं. मला तरी खरी बारोलो इथूनच सुरू होते असं वाटतं.

कायद्याने ती ३८ महिने मुरवूनच विकायची, त्यातले १८ लाकडात, रिझर्वा, म्हणजे जास्त मुरवलेली, असेल तर ६२ महिने. पण विकायला तयार म्हणजे प्यायला तयार असं नाही हं.

लेबलवर गाव किंवा मळ्याचं नाव असेल तर बघा. ला मोर्राची साधारण लवकर मऊ होते, ८-१० वर्षांत मजा येते, सेरालुंगा दाल्बाची कडक, तिला १५ वर्षंसुद्धा द्यावीत. द्राक्षं कुठल्या वर्षाची तेही बघा, २०१७ चा उन्हाळा कडक होता त्यामुळे ती आधी उघडा आणि २०१६ असेल तर प्लीज थांबा.

ठेवायची १२ ते १४ डिग्रीला, अंधारात, आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कपाटात ठेवलीत तर संपलंच, वाईन फ्रिज नसेल तर वर्षानुवर्षं ठेवायच्या भानगडीत पडूच नका, साधा फ्रिज एवढ्या काळासाठी फार थंड आणि कोरडा.

उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करा, गाळ खाली बसतो. तरुण असेल तर डिकँटरमध्ये (वाईनला हवा लागावी म्हणून वापरतात त्या पसरट काचेच्या भांड्यात) ओतून २-३ तास ठेवा, पण २०-२५ वर्षांची असेल तर इतकी हवा नको, मानेमागे टॉर्च धरून हळूहळू ओता आणि गाळ दिसला की थांबा. प्यायची १६ ते १८ डिग्रीला, आपल्या घरातलं तापमान त्याहून बरंच जास्त असतं तेव्हा आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली तरी चालेल.

सोबत मंद आचेवर शिजलेलं मटण मस्त, चरबीने टॅनिन सौम्य लागतं. झणझणीत रस्सा मात्र नको, १४ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं, तिखटाबरोबर नुसती जळजळ होते.

आणि थांबवतच नसेल तर लांगे नेब्बिओलो घ्या, द्राक्ष तेच, स्वस्त, आणि ३-४ वर्षांतच छान लागते.