सव्वीस फुटी वॉलवर पीपीटी बसवताना

“पीपीटी तयार आहे, फक्त लावायची आहे.” पुण्यातल्या कंपन्यांच्या कार्यक्रमांना मी लॅपटॉपवर बसतो, त्यामुळे हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर येतं. मी विचारतो, एलईडी वॉल, म्हणजे स्टेजमागचा मोठा पडदा, केवढी? उत्तर येतं, “सव्वीस बाय साडेसहा फूट.” फुटांवरून मांडववाल्याचं काम होतं, माझं नाही. मला पिक्सेल लागतात.

ते एलईडीवाल्याकडून काढून घ्यायचे. वॉल ज्या चौकोनी तुकड्यांची बनते ते पॅनल कोणत्या पिचचे (पिच म्हणजे दोन पिक्सेलमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये), आडवे किती, उभे किती? 3.91 पिचच्या अर्ध्या मीटरच्या चौकोनी पॅनलमध्ये 128 बाय 128 पिक्सेल असतात. आडवे 16 आणि उभे 4 लावले की 2048 बाय 512, म्हणजे चारास एक. तुमची नेहमीची स्लाइड सोळास नऊ. ती ताणून बसवली की काय होतं ते मी एकदा पाहिलंय: एमडी साहेबांचा चेहरा परातीएवढा, आणि पहिल्या रांगेत खुद्द साहेब.

तर पॉवरपॉइंटच्या डिझाइन टॅबमध्ये स्लाइड साइझ, तिथे कस्टम, आणि रुंदी 40 इंच, उंची 10 इंच. पुढे दोन पर्याय येतात, त्यात ‘एन्शुअर फिट’ घ्या. ‘मॅक्सिमाइझ’ने कडेचा मजकूर बाहेर जातो. हे मूळ फाइलवर नको, कॉपीवर करा. आधी स्लाइड मास्टर, म्हणजे सगळ्या पानांचा मूळ साचा, सरळ करा, नाहीतर प्रत्येक पानावर तोच लोगो हलवत बसाल.

आता खरं काम. सव्वीस फुटांची एक ओळ कुणी वाचत नाही, मान फिरवावी लागते. म्हणून ऑल्ट-एफ9 दाबून गाइड, म्हणजे मापाच्या तुटक रेषा, आणायच्या आणि पानाचे तीन भाग करायचे. मधे मुख्य मुद्दा, एका बाजूला फोटो, दुसरी बाजू मी बहुतेक वेळा रिकामीच ठेवतो. मार्केटिंगवाल्यांना ती बघवत नाही, पण वक्ता तिथेच उभा राहणार असतो. सोळास नऊचा व्हिडिओ पूर्ण उंचीत घेतला तर 2048 पैकी जेमतेम 910 पिक्सेल भरतात. उरलेल्या जागेत व्हिडिओशी जुळणाऱ्या रंगाची साधी पार्श्वभूमी टाका.

या मापात 56 पॉइंटच्या खाली अक्षर जाऊ देत नाही. मराठीला ओळींमधलं अंतरही जास्त द्या. नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात. फॉन्ट युनिकोड घ्या, मुक्ता चांगला दिसतो, आणि त्याची फाइल पेनड्राइव्हवर सोबत आणा. युनिकोड नसलेल्या जुन्या लिपी-फॉन्टमधली पीपीटी माझ्या लॅपटॉपवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं दिसतात.

पांढरी पार्श्वभूमी टाळा, एलईडीवर डोळे दिपतात. खालच्या दीड फुटात काही लिहू नका: तिथे खुर्च्या, फुलं आणि समई.

लॅपटॉपचं आउटपुट 1920 बाय 1080 असेल तर ही स्लाइड मधल्या 1920 बाय 480 मध्ये दिसते, वर-खाली काळ्या पट्ट्या. फाइल बिघडलेली नाही. लॅपटॉपचं चित्र वॉलवर पाठवणारं यंत्र म्हणजे प्रोसेसर; तो चालवणाऱ्याला तेवढाच भाग उचलून पूर्ण वॉलवर पसरायला सांगा. त्यासाठी मी पहिली स्लाइड चाचणीची ठेवतो: चार कोपऱ्यांत 1 ते 4 आकडे, मधोमध एक वर्तुळ. आकडा कापला गेला किंवा वर्तुळ अंड्यासारखं दिसलं, तर स्लाइडला हात लावायचा नाही, प्रोसेसरच पुन्हा लावायला सांगायचा. आणि हे सगळं आदल्या रात्री, पाहुणे हॉलमध्ये शिरताना नव्हे.