दोन मुक्काम, चार माणसं, एक गॅसचा डबा

रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीतून उतरून कुमशेत, पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड. थंडीतला हा रेंज ट्रेक डोळ्यांसमोर ठेवून ही तयारी लिहिते आहे. चार जण, दोन मुक्काम, आणि गडावर एकही काटकी न जाळता दोन्ही रात्रींचं गरम जेवण. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ पासून तो संरक्षित आहे. गुहेत तीन दगड मांडून जाळ करायचे दिवस आता मागे टाकायला हवेत. त्या धुराने काळ्या झालेल्या भिंती बघवत नाहीत. शिवाय आपण जी वाळकी फांदी "अशीच पडली होती" म्हणून उचलतो, तशाच फांद्यांच्या मोळीसाठी खालच्या वाडीतली बाई चढ चढून आलेली असते.

म्हणून सुरुवात वही-पेनापासून करा, खरेदी नंतर. दोन मुक्कामांत एकूण किती पाणी तापवायचं आहे, ते लिहून काढा. चौघांचा एका वेळचा चहा पाऊण लिटर, असे चार चहा म्हणजे तीन लिटर. दोन रात्रींची खिचडी किंवा भात, प्रत्येकी पावणेदोन लिटर. दोन सकाळचा नाश्ता, प्रत्येकी लिटरभर. बेरीज साडेआठ लिटर. लिटरभर पाणी वीस अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते आणि एक ग्रॅम ब्युटेन जळून साधारण ४५ किलोज्यूल मिळते. म्हणजे कागदावर सात-आठ ग्रॅममध्ये लिटर उकळायला हवं. प्रत्यक्षात बारा ते अठरा ग्रॅम जातात, वारा असेल तर त्याहून जास्त. मधली उष्णता भांड्याच्या कडेने हवेत निघून जाते. भांडं, झाकण, आडोसा, आच या सगळ्याची काळजी घ्यायची ती हा आकडा अठराकडून बाराकडे यावा म्हणून. पंधरा धरले तर साडेआठ लिटरला १३० ग्रॅमच्या आसपास, भात मंद आचेवर शिजायचे वरचे तीस-चाळीस ग्रॅम. २३० ग्रॅमच्या एका डब्यात हे बसतं आणि थोडा गॅस उरतोही.

पिण्याचं पाणी उकळायचं ठरवलंत मात्र सगळा हिशोब कोलमडतो. चौघांना दिवसाला बारा लिटर पाणी लागलं तर नुसतं तेवढं उकळायलाच १८० ग्रॅम गॅस जाईल. टाक्यातलं पाणी कापडातून गाळा, क्लोरिनचे थेंब टाकून अर्धा तास ठेवा, किंवा फिल्टर न्या. यादीत हे सामान स्टोव्हच्याही वर लिहा.

आता पदार्थ. इंधनाची सगळ्यात मोठी बचत घरच्या ओट्यावरच होते, असं माझं ठाम मत आहे. हरिश्चंद्रगड चौदाशे मीटरच्या वर आहे. दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो, म्हणजे वर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तिथे लवकर गळत नाही. मूगडाळ किंवा मसूर घ्या. अख्ख्या तांदळाऐवजी कणी घ्या. कणी लवकर शिजते, स्वस्त पडते, आणि दिवसभर चालून आल्यावर मेतकूट-तुपाबरोबर कणीचा मऊभात जसा उतरतो तसं दुसरं काही उतरत नाही. डाळ-तांदूळ घरीच निवडून, धुऊन, उन्हात खडखडीत वाळवा आणि एकेका रात्रीची वेगळी पिशवी करा. तिच्यातच हळद, मीठ, हिंग. मुक्कामी पोचल्यावर सॅक उतरवली की आधी ही पिशवी पातेल्यात रिकामी करून पाणी ओता. तंबू लागेपर्यंत अर्धा तास भिजली तर शिजायला फार थोडा वेळ पुरतो.

उपमा घरून अर्धा करून न्या. तेलात मोहरी, कढीपत्ता, मिरची खरपूस फोडणीला टाकून त्यातच रवा भाजा, मीठ-साखर घाला, गार झाल्यावर पिशवीत भरा. वर उकळतं पाणी ओतायचं, ढवळायचं, झाकायचं, गॅस बंद. दुसऱ्या सकाळी दडपे पोहे केलेत तर चहापुरताच गॅस. चहाला दुधाची पावडर, साखर आणि चहापूड वेगवेगळ्या पुड्यांत. ओलं दूध उतू जातं, तळाला लागतं आणि पातेलं घासायला पाणी खातं. पहिल्या दिवशी दुपारी दुधात पीठ मळून केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, स्टोव्ह सॅकमधून काढायचाच नाही. दुसऱ्या दिवशी पाचनईत भाकरी सांगता आल्या तर जरूर सांगा. गावात पैसे जातात, आपल्याला फक्त पिठलं करायचं उरतं, आणि पिठलं झटपट होतं.

स्टोव्ह निवडताना लोक वजनावर फार भुलतात. डब्याच्या आट्यांवर थेट बसणारा शंभर ग्रॅमच्या आसपासचा बर्नर एकट्यादुकट्याला उत्तम. चौघांचं तीन लिटरचं पातेलं मात्र त्याच्यावर ठेवलं की सगळा डोलारा उंच आणि वरून जड होतो, ढवळताना एका धक्क्यात खिचडी कातळावर. चार माणसांसाठी मी नळीने डब्याला जोडला जाणारा, तीन पायांवर जमिनीलगत बसणारा स्टोव्हच सांगेन. तो जड असतो. पण त्याचं भांडं हलत नाही आणि डबा आचेपासून दूर राहत असल्यामुळे आडोसा चारी बाजूंनी लावता येतो. डबा घेताना तोंड बघून घ्या. आटे असलेला बसका डबा आणि स्प्रेसारखा लांबट डबा एकमेकांच्या स्टोव्हला बसत नाहीत. एका दुकानातून स्टोव्ह, दुसऱ्यातून डबा, आणि जोडून बघितलं थेट रतनगडाच्या गुहेत, असं आमच्या बाबतीत झालं आहे. त्या रात्री आम्ही भिजवलेले पोहे गूळ घालून खाल्ले.

सह्याद्रीत साधा ब्युटेनचा डबाही बहुतेक वेळा चालतो. हिमालयात तो दगा देतो, कारण ब्युटेनची वाफ शून्याच्या जरा खालीच होईनाशी होते. तिकडे आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण लागतं.

भांड्यांसाठी महागडा संच लागतोच असं नाही. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा उष्णता दहापटीहून जास्त चांगली वाहून नेतं. त्यामुळे आच तळभर पसरते, भात एका जागी करपत नाही. टायटॅनियम हलकं असतं, पण उष्णता पसरवण्यात ते स्टीलच्याच पंगतीतलं. चहाचं पाणी तापवायला ते ठीक, खिचडी तळाला लागतेच. हार्ड ॲनोडाइज्ड मिळालं तर छान, नाहीतर घरातला ॲल्युमिनियमचा टोप घ्या. फक्त आमसुलाचं सार किंवा चिंचेची आमटी साध्या ॲल्युमिनियममध्ये ठेवून देऊ नका. आकार बसका आणि रुंद हवा, म्हणजे ज्योत तळाखालीच राहते. उंच, निमुळत्या भांड्यात ती कडेने वर पळते. तळाला पन्हाळीसारखे पत्र्याचे पंख असलेली भांडी मिळतात, ती खरोखर गॅस वाचवतात, दहा ग्रॅमच्या आसपास लिटर उकळतं. वर्षातून दोनदा जाणाऱ्याने त्यावर पैसे घालावेत असं मला वाटत नाही. महिन्याला जाणाऱ्याने खुशाल घ्यावं.

झाकण मात्र सगळ्यांनी न्यावं. घट्ट बसणारं, आणि मधली मूठ सॅकमध्ये रुतत असेल तर काढून टाकलेलं. झाकण विसरलात तर ताट उपडं घाला, पण उघड्यावर काही शिजवू नका. तीन लिटरच्या टोपात दीड लिटरचा टोप, त्यात चहागाळणी, सांडशी, डाव, चाकू. सांडशी वेगळी लिहा, ती नेहमी घरीच राहते.

दरवेळी कोणीतरी कुकर न्यायचा का विचारतं. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, वाफ अडून राहते आणि गॅस नक्की वाचतो. पण तो जड असतो. चौघांच्या दोन मुक्कामांना कणी आणि मूगडाळ असेल तर कुकरने वाचलेला गॅस त्याच्या वजनाइतका भरत नाही. दहा जणांचा, तीन-चार मुक्कामांचा बेत असेल, छोले-राजमा करायचे असतील, तर कुकर न्या आणि जाळी, शिटी, रिंग घरी तपासा.

आडोशाचं महत्त्व मला हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर कळलं. कड्याखालून वर येणारा वारा ज्योत अक्षरशः आडवी करत होता. अर्धा डबा संपला तरी चहाचं पाणी कोमटच. तेव्हापासून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची घडी होणारी पट्टी सॅकमध्ये असते. भांड्याच्या बाजूने बोट-दीड बोट जागा सोडून ती उभी करायची, खालून हवा जायला फट ठेवायची. डब्यावर बसणारा बर्नर असेल तर पट्टी फक्त वाऱ्याच्या बाजूने, अर्धगोल. पूर्ण वेढा घातलात तर डबा तापेल आणि फुटू शकेल. मधूनमधून डब्याला हात लावून बघा. कोमट लागला तरी आडोसा लगेच हलवा.

निघण्याच्या आदल्या शनिवारी हे सगळं गच्चीत एकदा लावून बघा. सांध्यावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर वॉशर बदला. लिटरभर पाणी उकळा, डबा आधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. किती ग्रॅम उतरले ते तुमच्या स्टोव्हचा, तुमच्या भांड्याचा खरा आकडा, माझ्या पंधरापेक्षा तोच धरा. मग आच कमी करून परत मोजा. मोठ्या आचेवर वेळ थोडा वाचतो आणि गॅस जास्त जातो, हे एकदा आकड्यात दिसलं की पुन्हा कोणाला सांगावं लागत नाही. डब्यावर मार्करने वजन लिहून ठेवा.

प्रवासाचा विचारही याच टप्प्यावर. रेल्वेत गॅसचा डबा नेता येत नाही, विमानात तर नाहीच. कसाऱ्यापर्यंत लोकलने जाणार असाल तर गॅस न्यायचा नाही, रतनवाडीत आणि पाचनईत जेवण सांगायचं, मधल्या वेळेला दशम्या आणि दडपे पोहे. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी डबा उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नये. वनखात्याच्या नाक्यावर मुक्कामाचे आणि स्वयंपाकाचे नियम विचारून घ्यायचे आणि जे सांगतील ते पाळायचं.

गडावर जागा बघताना आधी मान वर करा. कातळाला, झाडाला आग्या मोहोळ लटकलेलं असेल तर तिथून दूर जा. धुराने माश्या उठतात आणि माणसं जिवानिशी जातात. मंदिरात आणि पाण्याच्या टाक्याजवळ स्टोव्ह मांडायचा नाही. तंबूत तर कधीच नाही, कितीही थंडी असली तरी, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सपाट कातळ, वाऱ्याला पाठ, आणि हाताशी पाण्याची बाटली. काडेपेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत, शिवाय एक लायटर. स्टोव्हची ठिणगीची कळ दवाने बंद पडते.

खिचडीला उकळी आली की आच अगदी बारीक करा, सात-आठ मिनिटं झाकून ठेवा आणि बंद करा. मग टोप जाड टॉवेलात आणि त्यावर जॅकेटमध्ये गुंडाळून वीस मिनिटं हात लावू नका. भात आतल्या वाफेवर शिजतो. आपल्या आज्या चुलीवरून उतरवलेला भात निखाऱ्यांवर मुरायला ठेवायच्या, तेच हे. तेवढ्यात रिकाम्या स्टोव्हवर पापड भाजायचा मोह होतो. एखाद-दोन भाजा, थंडीत बरं वाटतं.

जेवल्यावर भांडी कागदाने पुसून मगच धुवा, आणि टाक्यात बुडवून नाही, पाणी बाजूला नेऊन. गॅसवर शिजवल्यामुळे बुडाला काजळी नसते, दोन तांबे पाण्यात काम होतं. खरकटा कागद आणि रिकामा डबा खाली परत. घरी आल्या आल्या, सॅक उपसायच्या आधी, डबा काट्यावर ठेवा आणि उरलेला आकडा त्याच वहीत, त्याच पानावर लिहा. आमच्या मागच्या ट्रेकच्या पानावर लिहिलंय: "साडेआठ लिटर, दोन रात्री, वारा बेताचा. उरला ५८ ग्रॅम. सांडशी घेतली होती."