फिंगरबोर्डमध्ये शिंपला बसवताना

गिटारच्या फिंगरबोर्डमध्ये, म्हणजे तारा ज्यावर दाबतो त्या लाकडी पट्टीत, शिंपल्याची नक्षी बसवायची म्हटलं की सल्ला मिळतो: 'खाच जरा मोठीच काढा, फट राहिली तर इपॉक्सीनं (दोन भाग मिसळून होणाऱ्या गोंदानं) भरता येते.' हा सल्ला देणाऱ्याचं काम एकदा उन्हात नेऊन बघा. शिसवीचा भुसा इपॉक्सीत कालवला की लाकडापेक्षा गडद होतो आणि नक्षीभोवती काजळ घातल्यासारखी रेघ उमटते. आबनूसवर ते खपून जातं, शिसवीवर नाही.

नक्षीचा कागद शिंपल्यावर चिकटवून सोनारी करवतीनं कापा. सोलापुरात सराफी हत्यारं विकणाऱ्याकडे पाती मिळतात, ३/० किंवा ४/० मागा. शिंपल्याची धूळ फुप्फुसाला वाईट. मास्क लावा, पाणी लावत कापा आणि मे महिना असला तरी पंखा बंद ठेवा.

आता खरी मेख. कापलेला तुकडा फेव्हिकॉलच्या एका थेंबावर जागेवर टेकवा. पेन्सिल नको, तिची रेघ जाड येते. टोकदार सुईनं तुकड्याच्या कडेला घासून ओरखडा काढा, तुकडा अलगद उचला आणि ओरखड्यात खडूची पूड चोळा. काळ्या लाकडावर पांढरी रेघ लख्ख दिसते. हातात धरायच्या छोट्या ग्राइंडरला १ मिमीचं बिट लावून खाच काढा आणि रेघेच्या आतच थांबा, कोपरे धारदार पात्यानं हातानं साफ करा. तुकडा बोटानं दाबून बसला पाहिजे. ठोकावा लागला तर तो तडकणार.

खोलीचं गणित कुणी सांगत नाही. शिंपला सपाट, बोर्ड गोल. १२ इंच गोलाईच्या (म्हणजे १२ इंच त्रिज्येच्या) बोर्डावर ३० मिमी रुंद तुकडा मधोमध समपातळीत ठेवला, तर त्याच्या कडा सुमारे ०.४ मिमी वर राहतात. त्या घासाव्याच लागतात, म्हणून रुंद नक्षीला १.५ मिमी जाडीचा शिंपला घ्या. कडा समपातळीत आणायला खाच खोल केलीत, तर मध्यभाग बुडेल आणि तो वर येण्यासाठी अख्खा बोर्ड घासावा लागेल. बोर्ड नवा असेल तर गोलाई द्यायच्या आधीच नक्षी बसवा. सपाट पृष्ठभागावर ग्राइंडर डुलत नाही.

पाच मिनिटांचं इपॉक्सी इथल्या चाळिशीपारच्या उन्हाळ्यात घेऊच नका, तुकडा सरळ करेपर्यंत ते घट्ट होतं. सावकाश सुकणारं वापरा, तेही सकाळी लवकर, आणि एक दिवस हात लावू नका.

मग बोर्डाच्याच गोलाईच्या ठोकळ्यावर १२०, २२०, ४०० नंबरचा पॉलिश पेपर. फ्रेटच्या (बोर्डावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या) खाचांत इपॉक्सी उतरलं असेल तर करवतीनं मोकळं करूनच फ्रेट ठोका.