सोर्स रॉक तपासताना या चुका टाळा: काळा दगड, खोटा टीमॅक्स आणि डिझेलचा वास

सोर्स रॉक म्हणजे ज्यात तेल-वायू तयार होतो तो मूळ खडक. डिचोलीकडच्या एका विद्यार्थिनीने एकदा वर्तमानपत्रात गुंडाळून काळाकुट्ट फिलाइट (उष्णता-दाबाने बदललेला पापुद्र्यांचा दगड) आणला. हात लावला तर बोटं पेन्सिलीच्या शिशासारखी काळी. "सर, एवढा कार्बन आहे, म्हणजे ह्यात कधीतरी तेल झालं असणार ना?" तिचा प्रश्न चांगला होता. आम्ही तो दगड रॉक-इव्हॅल यंत्रात घातला. हे यंत्र नमुना तापवून त्यातून काय निघतं ते मोजतं. टीओसी, म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बन, बरा निघाला. पण एस२ची, म्हणजे तापवल्यावर सेंद्रिय पदार्थ फुटून निघणाऱ्या हायड्रोकार्बनची, रेघ जमिनीला चिकटलेली.

पहिली चूक इथेच होते. काळा रंग आणि टीओसी एवढ्यावर 'सोर्स रॉक' म्हणून शिक्का मारू नका. शेलमध्ये (चिखलापासून झालेल्या खडकात) ०.५ टक्क्याच्या खाली टीओसी असेल तर सहसा पुढे जाण्यात अर्थ नसतो, २ टक्क्यांच्या वर उत्तम मानतात, हे खरं. पण तो कार्बन किती आहे एवढंच सांगतो, त्यातून अजून काही निघेल का ते सांगत नाही. गोव्याचे फिलाइट धारवाड काळातले, म्हणजे अब्जावधी वर्षं जुने, रूपांतरित झालेले. त्यातला कार्बन ग्रॅफाइटच्या वाटेला लागून युगं लोटली. आणखी एक गोष्ट विसरू नका: त्यात व्हिट्रिनाइट (खडक किती पिकला हे ज्याच्या चकाकीवरून मोजतात तो कण) शोधायला जाऊ नये. व्हिट्रिनाइट लाकडापासून होतो आणि लाकूडवाल्या वनस्पती पृथ्वीवर आल्या त्याला जेमतेम ४० कोटी वर्षं झाली. असे जुने खडक बघताना परावर्तनाचा, म्हणजे त्या चकाकीचा, आकडा कुणी दिला, तर तो कशावर मोजला हे आधी विचारा.

त्या दिवशी जास्त शिकवून गेला तो यंत्राने छापलेला टीमॅक्स. रॉक-इव्हॅलमध्ये नमुना ३०० अंशांवर धरला की मोकळे हायड्रोकार्बन निघतात, ते एस१. मग मिनिटाला २५ अंशांनी तापवत नेलं की केरोजेन, म्हणजे खडकातला न विरघळणारा सेंद्रिय पदार्थ, फुटून जे निघतं ते एस२. या एस२चा कळस ज्या तापमानाला येतो तो टीमॅक्स. ४३५ अंशांच्या खाली खडक कच्चा, साधारण ४३५ ते ४७० तेलाची खिडकी, म्हणजे तेल तयार होण्याचा टप्पा, त्यापुढे वायू. केरोजेनच्या प्रकारानुसार थोडा फरक पडतो. (हे भट्टीतलं तापमान आहे. खडक जमिनीखाली ४४० अंशांना तापला असं कुणी लिहिलेलं वाचलं की जीव कासावीस होतो. निसर्गात तेच काम साधारण १०० ते १५० अंशांत, कोट्यवधी वर्षांत होतं.) पण कळसच नसेल तर? यंत्र मुकाट्याने कुठला तरी आकडा छापतं. एस२ ०.२ मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर टीमॅक्स खोडून टाका. तक्त्यात ठेवलात की तो आलेखात शिरतो, आणि आलेखातून अहवालात.

म्हणून वक्र बघा. दर नमुन्याचा पायरोग्राम, म्हणजे तापवतानाच्या नोंदीचा आलेख, उघडून बघायला फार वेळ लागत नाही. एस२ला डाव्या बाजूला खांदा किंवा दुसरा छोटा कळस दिसला, एस१ही फुगलेला असला, तर जड तेल किंवा बिट्युमेन (डांबरासारखा पदार्थ) एस२मध्ये सांडलं असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी टीमॅक्स खाली खेचला जातो आणि पिकलेला खडक कच्चा दिसतो. उपाय सरळ आहे: नमुना डायक्लोरोमिथेन या द्रावकाने धुऊन काढा आणि पुन्हा चालवा. खांदा गेला, टीमॅक्स वर सरकला, तर संशय खरा.

ड्रिलिंगच्या कटिंग्जबाबत (विहीर खणताना वर येणाऱ्या खडकाच्या तुकड्यांबाबत) मी फार कडक आहे, कारण एकदा पोळलो आहे. एका विहिरीच्या पिशव्या उघडल्या तेव्हा डिझेलचा मंद वास होता. घाईत दुर्लक्ष केलं. सलग दोनशे मीटर एस१ छान वाढलेला, आणि आम्ही तेलाच्या खुणा म्हणून खूश! मडमध्ये, म्हणजे ड्रिलिंग करताना विहिरीत फिरवतात त्या चिखलात, तेल होतं, खडकात नव्हतं. पिशवी उघडताना आधी वास घ्या. मडमध्ये काय काय घातलं ते ड्रिलिंगच्या नोंदींतून मागून घ्या. लिग्नाइट घातला असेल तर टीओसी वाढतो आणि कमी परावर्तनाचे कण भसाभस दिसतात. वरच्या थरातून ढासळलेले तुकडेही हाच घोळ घालतात. व्हिट्रिनाइटच्या परावर्तनाचा हिस्टोग्राम काढा, ०.४ टक्क्यांना एक टेकडी आणि ०.८ ला दुसरी असेल तर सरासरी ०.६ लिहू नका. त्या सरासरीचा एकही कण खडकात नसतो. शक्य तेवढे, पन्नासच्या वर कण मोजा. जुन्या खडकांतून झिजून पुन्हा साचलेले कण सरासरी वर ओढतात, आणि हायड्रोजनसमृद्ध केरोजेन असलेल्या खडकात परावर्तन दबलेलं मिळतं, हेही ध्यानात ठेवा.

एचआय, म्हणजे हायड्रोजन निर्देशांक (टीओसीच्या मानाने एस२), ८० आला की लगेच 'टाइप तीन, वायूचा' (लाकूड-वनस्पतींचं, वायू देणारं केरोजेन) लिहायची सवयही सोडा. पूर्ण पिकलेल्या टाइप दोनचा (मुख्यतः प्लवकांपासून झालेल्या, तेल देणाऱ्या केरोजेनचा) एचआयही तेवढाच खाली येतो, कारण त्याने आपलं तेल देऊन टाकलेलं असतं. आधी परिपक्वता ठरवा, मग मूळ प्रकाराकडे या. आणि एका नमुन्यावर सगळा थर तोलू नका. मांडवीच्या खारफुटीतल्या चिखलात पानं-मुळं. तिथून थोडं बाहेर, पावसाळा सरताना तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपतो त्या उथळ समुद्रात प्लवकांचा गाळ. अंतर किती थोडं, आणि दोन्हींचं केरोजेन वेगळं होईल.

उष्णतेच्या मॉडेलमध्ये (खडक कधी किती तापला याच्या गणितात) दोन चुका वारंवार दिसतात. लॉगिंगच्या (विहिरीत उपकरणं सोडून मोजमाप घेण्याच्या) वेळी नोंदलेलं तळाचं तापमान तसंच वापरणं: फिरत्या मडने विहीर गार झालेली असते, हॉर्नर दुरुस्ती करा, म्हणजे वेळेनुसारच्या नोंदींवरून खडकाचं खरं तापमान काढा. दुसरी, आजचाच उष्णताप्रवाह पूर्वीपासून होता असं धरणं. आपला पश्चिम किनारा मादागास्कर आणि सेशेल्सपासून फाटून तयार झाला; फाटताना कवच पातळ होतं आणि उष्णता जास्त येते. जवळून डाइक (खडकात घुसून थिजलेल्या शिलारसाची भिंत) गेला असेल तर तेवढ्यापुरता खडक भाजलेला मिळतो, तो नमुना प्रादेशिक कलात धरू नका.

उघड्यावरचा नमुना घेताना जांभ्याच्या हवेतला, पिवळट झालेला तुकडा घेऊ नका. त्याचा एस२ उतरलेला आणि ऑक्सिजन निर्देशांक चढलेला मिळतो. खणून आतला घ्या. नमुन्याचा अर्धा भाग बाजूला ठेवा, पण आपल्या पावसाळ्यात साध्या पिशवीत नको. पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) असलेल्या शेलवर काही महिन्यांत पांढरट-पिवळी भुकटी चढते. ती दिसली तर तो तुकडा पायरोलिसिसला, म्हणजे या तापवण्याच्या चाचणीला, देऊ नका.